सिंधूची पंचमी

भोकरच्या कोंडाबाईची जीभ भल्याभल्यांना पाणी पाजायची. पण लेकीच्या बापाविषयी तिने कधी वाकडा शब्द काढला नाही. काडीमोड झाली तेव्हा सिंधू अंगावर पीत होती. पंचांनी ठरवलं, पोर आईजवळ राहील. बापाने सुगीला ज्वारी पोचती करायची आणि पंचमीला लेक न्यायची. चाकूरचा शेषेराव नवरा म्हणून कसाही असो, या दोन गोष्टी त्याने कधी चुकवल्या नाहीत.

चाकूर नव्या लातूर जिल्ह्यात गेलं, तेव्हा भावजयीने टोमणा मारला, "बाप अजून लांब गेला म्हनायचा."

"यष्टी तीच हाय की," कोंडाबाई म्हणाली.

मग दुष्काळ पडला. त्या साली ज्वारी आली नाही आणि पंचमीला शेषेरावही आला नाही. मेंदीचे हात घेऊन सिंधू दिवसभर उंबऱ्यात बसली. "बापू मला इसरला का गं?"

कोंडाबाईचं ज्वारीवाचून अडलं नव्हतं. खडी फोडून ती पोर पोसतच होती. पण पोरीच्या मनातून एकदा बाप गेला, तर तो कोणत्या बाजारात मिळणार?

शेषेरावाच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, अशी तिची शपथ होती. तरी दुसऱ्या दिवशी दुष्काळी कामावर मजुरीत मिळालेल्या गव्हाचं गाठोडं डोईवर घेऊन, नांदेडला गाडी बदलून, ती लेकीसह त्याच्या दारात उभी राहिली.

शेषेरावाने मान वर केली नाही. "कणगीत दाना न्हाई. कोनतं तोंड घिऊन येऊ?"

"ज्वारी मागाया कोन आलंय? काडी आपली मोडली, सिंधूच्या बापा, लेकीची न्हाई. पंचमी उलटली तर उलटली. झोका बांध."

त्याने लिंबाला दोर बांधला. कोंडाबाईने गाठोडं उंबऱ्याच्या अलीकडेच ठेवलं आणि लेकीला बापाजवळ सोडून परतीची गाडी गाठली. शपथही मोडली नाही, बाई पक्की! नांदेडच्या स्टँडवर मात्र पदर तोंडाला लावून ती पोटभर रडली.

पुढच्या सालीही आभाळ कोरडंच राहिलं. पंचमीच्या आदल्या दिवशी शेषेराव भोकरला आला, हात हलवत.

"औंदाबी ज्वारी न्हाई आनली," तो दारातूनच म्हणाला.

"म्या इचारलं का?" कोंडाबाईने चुलीवर चहा ठेवला आणि आत हाक मारली, "सिंधे, तुजा बापू आलाय गं."