मागं कोण बसतं?

मिस्त्रींनी मागच्या चाकांच्या स्प्रिंगच्या दोन जोड्या गॅरेजच्या फरशीवर ठेवल्या, एक नरम, एक कडक, आणि विचारलं, “साहेब, मागं कोण बसतं?”

गाडी बाबांची, माझ्याहून वयानं मोठी. सात वर्षांपूर्वी मिस्त्रींनी हेच विचारलं होतं. तेव्हा मी हसून म्हणालो होतो, “कडकच टाका. म्हातारी झाली तरी ताठ दिसली पाहिजे!” गाडी ताठ दिसू लागली. लोक थांबून फोटो काढायचे. मागं बसलेल्या बाबांची कंबर मात्र खड्ड्याखड्ड्याला दुखायची. आधी त्यांनी खाली उशी घेतली, मग उशीवर चादरीची घडी, आणि शेवटी “तूच जाऊन ये रे, मला कंटाळा आलाय” म्हणत घरीच थांबू लागले. मी तो कंटाळाच मानला. दुखणं दिसत नव्हतं असं नाही. पण ते मान्य केलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. गेल्या वर्षी बाबा गेले.

मी वाकून दोन्ही स्प्रिंगा तळव्यानं दाबून पाहिल्या. सारख्याच लागल्या.

“हातानं नाही कळायचं. वजन बसलं की कळतं.”

“नरम टाका.”

“पण मागं बसणार कोण?”

“आता कोणी नाही.”

“मग रिकाम्या गाडीला नरम कशाला, साहेब?”

मी नरम जोडी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी नरम बसवल्या. परतताना आमच्या वळणावरचा तो मोठा खड्डा आला आणि जाणवलाही नाही.

इतकं सोपं होतं ते.