पिशवीतल्या चपला

उल्हासनगरच्या दुकानात नव्या रबरी चपलांचा वास आला की मला सायमन आठवतो आणि मान खाली जाते. चपलाचोर म्हणून अख्ख्या अंबरनाथला माहीत असलेला सायमन तुरुंगातून सुटून पहिल्यांदा चर्चमध्ये उपासनेला आला, त्या रविवारी मी माझ्या नव्या रबरी चपला दाराशी न ठेवता पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसले. पाळकसाहेब बायबलमधलं, प्रभूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचं वाचत होते. शेवटच्या घटकेला तो पस्तावला आणि प्रभूने त्याला जवळ केलं. तेवढ्यात सायमन उठून बाहेर गेला. मी मनात म्हटलं, झालं.

उपासना संपवून बाहेर आलो, तर सगळ्यांच्या चपला चिखल पुसून ओळीत लावलेल्या. सायमन ओलं फडकं घेऊन माझ्यापाशी आला.

“ताई, तुमच्याच राहिल्यात. द्या, पुसतो.”

मी पिशवी आणखी घट्ट धरली.