स्वखुशीने घरी नेत आहोत

"खर्रा खाताना नाही कळलं? आता श्वास मागते."

सरकारी दवाखान्याचा डॉक्टर वॉर्डाच्या दारातूनच बोलला. नाकावर रुमाल. आत खाटेवर माझी आई उघड्या तोंडाने हवा ओढत होती. सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात जन्मभर धानाची रोवणी केलेली बाई. तिने आयुष्यात कधी तंबाखू-सुपारीचा तो खर्रा तोंडात घातला नाही. तिला स्तनाचा कॅन्सर. नागपूरहून केमो घेऊन आली, आठ दिवसांत फ्लू झाला, छाती भरली. सगळं फाइलीत लिहिलेलं होतं. त्याने वरचं आडनाव वाचलं आणि फाइल न उघडताच माझ्या हातात परत दिली.

आणि मी काय केलं? हसले. "हो साहेब" म्हणाले. जयभीमवाल्या घरातली, शिकलेली पोरगी मी, आईबद्दल खोटं बोलले. का, तर साहेब चिडू नये म्हणून. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

दुपारी सिस्टर कागद आणि शाईचं पॅड घेऊन आली.

"बाबा, इथं अंगठा द्या. कॅन्सरवाले अशा तापातून उठत नाहीत. खाट वाचणाऱ्याला लागते."

बाबांनी अंगठा शाईत बुडवला. सरकारी माणसाने मागितला की द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. तेवढ्यात मी कागद वाचला. 'रुग्णास आम्ही स्वखुशीने घरी नेत आहोत.'

स्वखुशीने! माझं डोकंच फिरलं. हाकलायचं त्यांनी आणि खुशी आमची.

मी बाबांचं मनगट धरलं. "बाबा, देऊ नोका. सिस्टर, खुशी कोनाची आहे? माही माय अजून श्वास घेऊन राह्यली. ऑक्सिजन लावा. नाई लावत तं तसं लिहून द्या, सही करून."

"ताई, आवाज कमी करा."

"नाई करत."

तशी सही कोणीच केली नाही. ऑक्सिजन लागला. संध्याकाळी डॉक्टरने पहिल्यांदा फाइल उघडली. "स्तनाचा आहे होय?" एवढंच. माफी वगैरे काही नाही. थुंकावंसं वाटलं.

आई भरतीच्या नवव्या दिवशी गेली. सकाळीच ऑक्सिजन लागला असता तर जगली असती का, मला माहीत नाही. शेजारच्या खाटेवरच्या गोंडपिपरीच्या म्हातारीलाही कॅन्सर होता, तापही तोच. ती चालत घरी गेली.

आता आमच्याकडचं कोणी भरती झालं की मी सोबत जाते. फाइल उघडून डॉक्टरच्या डोळ्यांसमोर धरते. प्रत्येक कागद अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा वाचते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. आमच्या माणसाच्या मरणाला आमचाच अंगठा त्यांना मिळणार नाही.