गुलाबाईच्या पदरावरचा मोर

गुजराती शहरातल्या गोडादऱ्याला आमच्या गल्लीत घरोघरी साड्यांना टिकल्या लावायचं काम चाले, आणि ते पोरींच्या डोळ्यांवर चाले. मी तेव्हा कॉलेजात होते. संध्याकाळी पोरींना ओट्यावर जमवून चित्रं काढायला लावायची, गोष्टी रचायला लावायची. बायका हसायच्या, ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.’ हसोत.

शेजारची पोर त्यांत सगळ्यांत हुशार. तिला शाळेत घाला म्हणून मी तिच्या आईच्या मागे लागले होते. आईचं एकच, कोजागिरीपर्यंत गुलाबाई होऊ द्या, मग बघू. खानदेश सुटला तरी पोरींनी महिनाभर गुलाबाई मांडून तिची सासर-माहेरची गाणी म्हणणं सोडलं नव्हतं. मी ठरवलं, यंदा गुलाबाईची गोष्ट पोरीच रचतील. आई ऐकेल आणि विरघळेल.

त्या पोरीनं मोठ्या कागदावर गुलाबाई काढली, पदरावर मोर. बाकीच्या पोरी कामातून उरलेल्या टिकल्या चिकटवायला धावल्या, तर हिनं त्यांचे हात झटकले.

“तिले टिकल्या नको. तिना डोया दुखतीन.”

मग तिनंच गोष्ट सांगितली. गुलाबाई सासरी टिकल्या लावते, माहेरचं कुणी न्यायला येत नाही.

“मग काय करते?”

“काय करई? टिकल्या लावाले दुसरी साडी लेस.”

कोजागिरीला पोरींनी ही गोष्ट करून दाखवली. आई तोंडाला पदर लावून रडली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी टिकल्यांच्या कामाच्या साड्या टाकायला आलेला शेठ ओट्यावरच्या त्या चित्रापुढे थबकला. “आ मोर कोणे बनाव्यो?” दिवाळी तोंडावर होती, बाजाराला नवं काहीतरी हवंच होतं. साडीवर मोर आखायचं काम त्यानं पोरीला दिलं.

आई कौतुकानं माझ्याकडे आली. “तुम्हनामुये पोरना हात बसना, ताई.”

“आणि शाळा?” मी जवळजवळ ओरडलेच.

“दिवाळी होऊ द्या.”

माझा असा संताप झाला, की कोणावर काढू तेच कळेना. ती बाई खोटं रडली नव्हती.

दिवाळी झाली, लग्नसराई लागली. एकदा त्यांच्या घरात डोकावले. खोलीभर साड्या, प्रत्येकीच्या पदरावर तोच मोर, आणि त्यात टिकल्या भरत बसलेल्या माझ्याच ओट्यावरच्या पोरी. ती पोर साडी पार नाकाशी धरून मोर आखत होती.

“नवी गोष्ट रचलीस का गं?” मी विचारलं.

“हाऊ मोर मना शे, ताई,” मान वर न करता, आपल्या मोरावर बोट ठेवून ती म्हणाली.

आणि तिनं दुसरी साडी घेतली.