पेढ्यावरचा अंगठा

चूक माझी होती. एवढंसं वाक्य — पण बारा वर्षांत ते माझ्या तोंडून निघालं नाही. बायकोपुढे नाही, हात जोडून देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नाही.

अमडापुरात माझं मिठाईचं छोटं दुकान आहे. पेढ्यांसाठी खवा चंद्रकलाकाकू आणायच्या, जवळच्या वाडीवरून, डोक्यावर पातेलं घेऊन. घरी दोन म्हशी, एक चूल. पण खव्याला धुराचा वास म्हणून कधी लागला नाही. गिऱ्हाईक आधी विचारायचं, काकूंचाच आहे ना?

त्या वैशाखात गावातल्या एका गुरुजींच्या मुलीचा साखरपुडा होता. पेढे माझ्याकडून. माझ्या उजव्या अंगठ्याला तेव्हा नखुरडं झालेलं — नखाच्या कडेला पू, रात्रंदिवस ठणका. चिंधी बांधली होती. पण पेढे वळताना खवा चिंधीला चिकटायला लागला, आणि मी — चिंधी सोडून टाकली. पेढ्याच्या मधोमध खळगा पाडतात, तो अंगठ्यानंच. प्रत्येक पेढ्यावर मी तो अंगठा दाबला.

सकाळी वळलेले पेढे संध्याकाळपर्यंत पत्र्याखालच्या उकाड्यात परातीत पडून होते. सकाळी खव्याचा वास घेतला होता, निघताना पेढ्यांचा घेतला. चांगला होता. आम्ही नाकावर भरवसा ठेवतो. या विषाला वासच नसतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

दोन-अडीच तासांत मांडवात लोक ओकायला लागले. पाहुण्यांची गाडी शेगावला पोचेपर्यंत वाटेत कितीदा थांबली, कोण जाणे. गुरुजींच्या म्हाताऱ्या आईला दोन दिवस सलाईन लागलं.

डॉक्टर दुकानात आले. म्हणाले, इतक्या लवकर उलट्या, ताप नाही — बहुतेक कुणाच्या तरी हातावरच्या जखमेतले जंतू. खव्यात उकाड्यानं वाढतात, विष सोडतात, मग ते विष तापवूनही जात नाही. मग सरळ विचारलं, पेढे वळणाऱ्याच्या हाताला गळू, नखुरडं काही होतं का?

मी हात खिशात घातला.

‘‘नाही,’’ म्हणालो. ‘‘खवाच खराब असंल.’’

मला माहीत नव्हतं, असं म्हणू? त्या घटकेपर्यंत नव्हतं. नंतर तर होतं. आणखीही एक गोष्ट माहीत होती — त्याच पातेल्यातला खवा काकूंनी त्या दिवशी आणखी दोन घरी दिला होता. तिथं कुणाला साधी मळमळ झाली नव्हती. तेही मी बोललो नाही.

पुढच्या बाजारी काकू दिसल्या तशी एक बाई दुसरीला म्हणाली, ‘‘आली व ओकारीवाली.’’ सगळ्या हसल्या. काकू तशाच माझ्या दुकानी आल्या.

‘‘दिनकर, खव्याचा वास तू सोता घेतला होता ना? मंग बोलत काऊन नाही?’’

मी काउंटर पुसत राहिलो. पुसलेलाच पुन्हा पुसला. वर्षाच्या आत त्यांनी दोन्ही म्हशी विकल्या.

माझं दुकान मात्र चाललं. आता दुकानात साबण आहे, फ्रिज आहे. बोट कापलेल्या माणसाला मी खव्याला हात लावू देत नाही. लोक या शिस्तीचं कौतुक करतात — आणि मी ते ऐकून घेतो.

गेल्या महिन्यात काकूंच्या नातीचं बारसं झालं. पेढे माझ्याच दुकानातून. द्यायला मीच गेलो. काकू चुलीपाशी जायला उठल्या, तशी सून म्हणाली, ‘‘आत्याबाई, खिरीले हात नका लावू. लोकं जेवनार नाहीत.’’ रागानं नाही, रोजचं बोलावं तसं म्हणाली. काकू ओसरीवर येऊन बसल्या.

डबा खाली ठेवून मी त्यांना सांगितलं. नखुरडं, चिंधी, डॉक्टरांचा प्रश्न, खिसा — सगळं. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

‘‘मले काऊन सांगून राह्यला?’’ म्हणाल्या. ‘‘माहा खवा चांगला होता, हे मले माहीतच हाये. तिले सांग.’’

मी आत गेलो. सून होती, जमलेल्या बायका होत्या, पाळणा होता. अंगठा सगळ्यांपुढे धरला.

‘‘काकूचा खवा चांगला होता. पू माह्या या अंगठ्यात होता. डाक्टरनं इचारलं तं मी खोटं बोललो.’’

मग वळून ओसरीकडे पाहिलं.

‘‘चुकलं माहं, काकू.’’