राहिलेला बाण

नववीच्या फळ्यावर आफ्रिकेतून निघालेले खडूचे बाण होते, सगळे अमेरिकेकडे. गुलामांची जहाजं शिकवताना इतिहासाचे सर दरवर्षी एवढेच काढतात. पुढचा तास माझा, म्हणून मी दारात थांबले होते. तेवढ्यात सिद्दी समाजातली नसीमा उठली.

"सर, आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून इथे कोकणात आणलं. तो बाण?"

"परीक्षेला येत नाही. बस खाली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गॅदरिंगला 'आफ्रिकन डान्स' बसवताना हिलाच पुढे ढकलतात, तेव्हा बरी आफ्रिका आठवते! आणि ज्या समुद्रावरून ती माणसं आणली, तो याच वर्गाच्या खिडकीतून दिसतो.

सर गेले. मी फळा पुसायला डस्टर उचललं. नसीमा अजून उभीच होती. मी डस्टर परत ठेवलं आणि खडू तिच्यापुढे धरला.