पगाराचा रकाना

विशू गेली, त्याला आता सहा आठवडे होतील. माझी धाकटी बहीण, त्रेचाळीस वर्षांची. त्या मंगळवारी सकाळी सातला ती मनीषनगरच्या माझ्या घरून नेहमीसारखे दोन डबे घेऊन गेली. "ताई, तिखट कमी टाकत जाय वं, मॅडमले झोंबते," असं दारातूनच म्हणाली. साडेदहाला तिच्या शाळेतून फोन आला. शिकवता शिकवता फळ्यापाशीच कोसळली... मी गॅस बंद केला, पुन्हा पेटवला, पुन्हा बंद केला. अजूनही कुणी "विशाखा होती" म्हणालं की मला ते खोटंच वाटतं.

चार वर्षांपूर्वी माझे यजमान गेले आणि मी घरून डबे द्यायला लागले. हिशेबाचं ॲप माझ्या मोबाइलमध्ये विशूनेच टाकून दिलं. किराणा, गॅस, भाजी, हे खर्चाचे रकाने मी मुकाट्याने भरले. जमेच्या बाजूला मात्र डब्यांचे पैसे 'इतर'मध्ये टाकले. माझ्या लेखी कमाई म्हणजे यजमानांची पेन्शन. ते पाहून विशू जाम भडकली.

"इतर काहून लिहून राहिली वं?"

"पोळ्या लाटते मी. त्याचा कसला पगार?"

"पहाटे पाचले उठते ना? मग पगारच होय."

तिने 'पगार' नावाचा नवा रकाना केला आणि जुनी एकेक नोंद उचलून तिथे नेली. त्या संध्याकाळी मी किराणा आणायला जरा ताठ मानेने गेले, हे कबूल करते. दोन डबे तर तिनेच मिळवून दिले होते, शाळेतल्या दोन मॅडमांचे. त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला तीच पाठवायची.

तेरवी झाल्यावर मी तिच्या यजमानांना, मिलिंदरावांना, विचारलं, त्या मॅडमना डबा पुढे हवा आहे का?

"कोणत्या मॅडम, ताई? डबे तर आम्हीच खात होतो. एक माझा, एक तिचा."

मी हबकलेच. बहिणीकडून मी एक रुपया घेतला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे पगार, पगार म्हणून मी जे लिहीत होते, ती तिने केलेली मदत होती? गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले, रडता रडता रागावले. मिलिंदरावांनी तिचा मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. तेच ॲप. त्यात 'मदत' नावाचा रकाना होता. कामवालीच्या मुलीची फी, शाळेतल्या शिपायाचं औषधपाणी... माझं नाव नव्हतं. मी पुन्हा खालपर्यंत पाहिलं. डब्यांचे पैसे दर महिन्याला 'जेवण' या रकान्यात होते, दूध आणि भाजीच्या मधोमध.

"तिले तुमच्याच हातचं लागे, ताई," मिलिंदराव म्हणाले. "खरंच लागे."

गेल्या आठवड्यात त्यांनी एका डब्याचे पैसे पाठवले. परत पाठवायला माझं बोट पुढे गेलंच होतं... मग ते 'पगार'मध्ये लिहिले. दोन्ही डब्यांच्या झाकणांवर ओळखीसाठी विशूने नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. त्यातला एक रोज सकाळी जातो. दुसरा घासून ओट्यावर उपडा ठेवलेला असतो, आणि भाजीत तिखट मी अजून कमीच टाकते.